आळशी कोण? मजुरी, जमीन आणि विसावा

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. दसऱ्याच्या आत गावोगावच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



मजुरी किती मिळावी यावर आपण पुष्कळ वेळा बोललो, मोर्चे काढले, घोषणा दिल्या. आज आम्ही त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर बोलणार आहोत. माणूस कामाला कधी जातो आणि कधी घरी राहतो? हे तो स्वतः ठरवतो की दुसरा कोणी त्याच्यासाठी ठरवतो? प्रश्न साधा वाटतो. पण पंधरा दिवसांत मुकादम उचलीचे पैसे घेऊन पाड्यापाड्यांत येतील, तेव्हा याच प्रश्नाचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल. म्हणून आजच नीट विचार करू.

आपल्या भागातल्या बड्या शेतकऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. मजुरी वाढवा म्हणून गेलो की ते ऐकायला मिळतं. "पोट भरनं का भिल कामले येत नही." म्हणजे काय, तर आदिवासी मुळात आळशी. जास्त पैसे दिले तर चार दिवसांच्या ऐवजी दोन दिवस येईल आणि बाकीचे दिवस झोपेल, नाहीतर पिऊन पडेल. म्हणून मजुरी कमी ठेवणं हेच त्याच्या भल्याचं! मामलेदार कचेरीतले काही साहेबसुद्धा मान हलवून हेच बोलतात. आपलीच शिकलेली काही पोरंही आता बोलायला लागली आहेत. या बोलण्याला नुसती शिवी देऊन भागणार नाही. त्यात खरं किती, खोटं किती, ते हिशेबानं पाहू.

समजा, एका घरात नवरा-बायको दोघं मजुरी करणारी आहेत. ज्वारी, मीठ, मिरची, तेल, रॉकेल मिळून आठवड्याला 40 रुपये लागतात. आकडा फक्त समजण्यासाठी धरला आहे, आपापल्या घरचा हिशेब प्रत्येकानं घालावा. मजुरी 3 रुपये असेल तर 40 रुपयांसाठी जवळजवळ 14 रोज भरावे लागतात. म्हणजे दोघांनी सातही दिवस जायचं. बाजार नाही, दुखणं नाही, सण नाही. एकाला ताप आला तर पोराला ढोरं चारायला लावायचं. मजुरी 4 रुपये झाली तर 10 रोज पुरतात. 5 रुपये झाली तर 8 रोजात भागतं. 8 रुपये झाली तर 5 रोजांतच पोटापुरतं येतं.

आता पाटील म्हणेल, बघा, तुमच्याच हिशेबानं मजुरी वाढली की रोज कमी भरले! हो, इथपर्यंत त्याचं म्हणणं खरं आहे, आणि ते मान्य करायला आम्हाला लाज वाटत नाही. 3 रुपयांत सातही दिवस राबणारा माणूस कष्टाळू म्हणून राबत नव्हता, त्याला दुसरा मार्गच नव्हता. मजुरी थोडी वाढली की तो सगळ्यात आधी काय करतो? आजारी बाईला घरी ठेवतो. ढोरांमागचं पोरगं आश्रमशाळेत घालतो. पावसाच्या आधी घराचं छप्पर शेकारतो. आठवड्याच्या बाजाराला जातो. यालाच पाटील "मजुरांची टंचाई" म्हणतो. पोर शाळेत गेलं की त्याच्या वहीत एक मजूर कमी होतो, एवढंच त्याला दिसतं.

पण हिशेब इथं संपत नाही, आणि पाटील पुढचं सांगत नाही. माणसाची गरज 40 रुपयांवर खिळा ठोकून बसवलेली नसते. 3 रुपयांत ती तेवढीच दिसते, कारण त्यापुढचा विचार करायची सोयच नसते. मजुरी 8 रुपये झाली की माणूस म्हणतो, आज घरी बसलो तर 8 रुपये बुडतील. मागं बसलो तर 3 बुडत होते. मग तो बायकोला लुगडं, पोराला वही-पेन्सिल, बैलाची जोडी, सावकाराचं जुनं देणं असा विचार करायला लागतो आणि आणखी एक-दोन रोज आपणहून जातो. म्हणजे मजुरी वाढली की मन दोन बाजूंना ओढलं जातं. एक बाजू म्हणते, थोडक्यात भागतंय, आता जरा विसावा घे. दुसरी म्हणते, दिवसाला भाव आलाय, तो वाया घालवू नको. कोणती बाजू जड होईल ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. घरात किती तोंडं, किती देणं, कणगीत किती दाणे, अंगात किती ताकद, त्यावर ते ठरतं. जगात सगळीकडे माणसाचं असंच आहे. ही आदिवासीची खोड नाही.

आळशीच असतो तर दिवाळी झाली की आपले लोक गाठोडं बांधून सुरत-बारडोलीकडे ऊस तोडायला का गेले असते? तिथं नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, पोर मोळी बांधायला हात लावतं. या सगळ्यांना मिळून एक "कोयता" म्हणतात. माणसांची नावंसुद्धा नाहीत, नुसता कोयता! दिवसभर तोडणी, आणि गाडी रात्री आली तर रात्री उठून भरणी. पालात झोपायचं आणि हाक आली की उठायचं. असलं काम करणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यानं एक रात्र तिथं काढून बघावी.

आणि पावसाच्या तोंडावर आपल्या डोंगरातला लाहा बघा. एकाच्या घराचं लाकूड आणायचं, एकाचं शेत निंदायचं, सगळा पाडा एकत्र येतो. मजुरी नाही, मुकादम नाही, खाडा मांडणारा कोणी नाही. दिवसभर ढोल आणि हशा, आणि संध्याकाळी काम पुरं. ज्याचं काम त्यानं जेवण द्यायचं, आणि उद्या दुसऱ्याच्या हाकेला जायचं. कामाचा कंटाळा असलेल्या समाजात ही पद्धत टिकली असती का? आम्हाला कामाचा कंटाळा नाही. लुबाडून घेतलेल्या कामाचा कंटाळा आहे, आणि तो असायलाच पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, दौलतीची. पाटलाचा मुलगा दुपारी पारावर पत्ते खेळतो, मोटारसायकलवर शहाद्याला सिनेमाला जातो. त्याला कोणी आळशी म्हणतं का? नाही. त्याला "खानदानी" म्हणतात. तो कामाला का जात नाही? कारण त्याचं पोट त्याच्या हातांवर नाही. त्याची जमीन पिकते, विहिरीची मोटार चालते. आषाढात दिढीनं दिलेली एक मण ज्वारी दिवाळीला दीड मण होऊन परत येते. पाटील झोपला तरी ही दिढी झोपत नाही. दौलत म्हणजे नुसता दागिना आणि माडी नव्हे. घरी बसलं तरी चूल पेटेल याची खात्री म्हणजे दौलत.

आणि त्याच दिढीची दुसरी बाजू म्हणजे आपलं कर्ज. ज्यानं आषाढात एक मण घेतली, त्यानं दिवाळीनंतरचे आपले दिवस आषाढातच विकून टाकले. मजुरी किती, काम कोणतं, कुठं जायचं, हे विचारायचा हक्क त्याच्यापाशी उरत नाही. पाटलाचा विसावा आणि आपली रात्रपाळी ही एकाच वहीतली दोन पानं आहेत.

सालदाराचं उदाहरण घ्या. आखाजीला साल ठरतं. वर्षाचे रुपये आणि धान्य ठरतं, पण रोजचे तास ठरत नाहीत. पहाटे शेण काढण्यापासून सुरुवात. रात्री लाईट आली की मोटार चालू करून उसाला पाणी द्यायला तोच. पीक उभं असलं की राखणीला तोच. एक दिवस खाडा झाला तर हिशेबात कापतात, आणि पुष्कळ ठिकाणी जेवढी मजुरी पडते त्याहून जास्त कापतात. सालदाराला दिवस नाही, रात्र नाही, सण नाही. त्याला कामात आणि विसाव्यात निवड करायची वेळच येत नाही, कारण निवड करायला वेळ स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. त्या वर्षांत जमिनीच्या मागणीबरोबरच सालदारांच्या मागण्याही उभ्या राहिल्या, त्या एवढ्यासाठीच. जमीन आणि वेळ, दोन्ही एकाच माणसानं हडपलं होतं.

शहरातल्या कामगारालाही सुट्टी कोणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरणीत पूर्वी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागणी लावून धरली, तेव्हा 1890 च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी मिळाली. आज सगळे साहेब जो रविवार आरामात घालवतात तो त्या कामगारांनी लढून मिळवलेला आहे. मग सालदाराचा रविवार कुठं आहे? निदान बाजाराचा दिवस तरी त्याचा असावा की नाही?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपण जंगलजमीन कसायला लागलो की बडे शेतकरी एवढे का चवताळतात? ती डोंगरउतारावरची दगडगोट्यांची जमीन त्यांना स्वतःला नको आहे. त्यांना भीती वेगळीच आहे. ज्याच्या कणगीत होळीपर्यंतचे दाणे आहेत तो माणूस सांगेल त्या मजुरीला येणार नाही. तो विचारेल, किती देणार? पटलं नाही तर सांगेल, येत नाही. ही "येत नाही" म्हणण्याची ताकद जमिनीतून येते. पाटलाला आपली जमीन नको, त्याला आपली गरज पाहिजे.

सरकारनं 1878 चा जंगल कायदा केला, पुढं 1927 चा केला. जंगल राखीव झालं. लाकूड, चराई, डोंगरातली शेती यांवर बंधन आलं. मोहू, चारोळी, डिंक, कंद यांवर जे चार महिने निघायचे त्यात अडचण आली. खालच्या सपाटीतली जमीन सावकाराच्या कागदावर अंगठे उठवून गेली. असा दोन्हीकडून रस्ता बंद झाल्यावर माणूस मजुरीच्या दारात उभा राहिला. मग तोच सावकार म्हणायला लागला की याला हाकल्याशिवाय हा काम करत नाही!

जमीन मिळाली की आदिवासी काम कमी करतो का? ज्यांनी कसली आहे त्यांना विचारा. पहाट फुटायच्या आधी माणूस शेतात असतो. दगड वेचून ताल घालतो, रात्री डुकरं हाकलायला माळ्यावर जागतो. मजुरीपेक्षा जास्त राबतो, पण कोणी मागं उभं राहत नाही. म्हणजे काम कमी झालं नाही. पाटलाच्या शेतातलं कमी झालं आणि स्वतःच्या शेतातलं वाढलं. कागदावर दोन्ही काम सारखंच. माणसाच्या जिवाला मात्र फार मोठा फरक पडतो.

म्हणून आपल्यातले काही तरुण म्हणतात की चांगली मजुरी मिळाली तर जमिनीसाठी एवढा त्रास कशाला, त्यांना आमचं सांगणं आहे. नुसत्या मजुरीवर भरवसा ठेवू नका. निंदणीला भाव मिळतो, पण निंदणी किती दिवस चालते? कापूस वेचणी संपली की काय? ट्रॅक्टर आला, बाहेरून मजुरांच्या गाड्या आणल्या, की तुमचा भाव खाली. आणि जे म्हणतात जमीन मिळाली की झालं, त्यांनाही सांगतो. आपली जमीन पावसावरची आहे, वर्षभर पुरत नाही. उरलेल्या महिन्यांत मजुरी लागणारच. जमीन असली तर मजुरीला भाव मागता येतो, आणि मजुरीला भाव असला तर जमीन गहाण टाकावी लागत नाही. दोन्ही लढे एकत्रच चालले पाहिजेत.

रोजगार हमीलाही बडे शेतकरी याच कारणानं शिव्या देतात. 1972 च्या दुष्काळात आपण खडी फोडली, तलावाची माती वाहिली. पुढं 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. बाई-माणसाला दर एकच. ही मजुरी फार नाही, मोजणीत लबाडी होते, पगार थकतात, हे सगळं खरं. तरीही जिथं हमीचं काम चालू असतं तिथं पाटलाला मजुराच्या दारात येऊन विचारावं लागतं. दुसरं दार उघडं असलं की पहिल्या दारातला माणूस नीट बोलतो. म्हणून काम चालू असो वा नसो, नाव नोंदवा. मागणी लेखी करा आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका.

आता एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. बहिणींनी ती कालच्या गटचर्चेत काढली आणि ती बुलेटिनमध्ये आलीच पाहिजे. मजुरी वाढली, एक दिवसाचा विसावा मिळाला. पण कोणाला? त्या दिवशी पाणी कोण आणतं? सरपण कोण आणतं? दळण, स्वैपाक, लेकरू, ढोरांचं पाणी? बाजाराच्या दिवशी माणूस बाजारात बसतो आणि बाई डोक्यावर पाटी घेऊन परत येते. शेतावर बाईला रोज कमी देतात. समान वेतनाचा कायदा 1976 ला झाला तरी देतात. आणि घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते, ती कोणी मोजतच नाही. पाटील आपला वेळ फुकट घेतो म्हणून आपण लढतो, मग घरात बाईचा वेळ फुकट कसा घ्यायचा? वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यावर गेली तर तो विसावा कोणाच्याच उपयोगाचा नाही. शहादा-तळोद्याच्या बायांनी 1972-73 मध्ये दारूचे मटके फोडले, ते त्यांना दुसरं काम नव्हतं म्हणून नव्हे. आपल्या घामाचे पैसे आणि आपली रात्र वाचवण्यासाठी फोडले. विसाव्याचा हक्क मागायचा तर तो सगळ्या घराचा मागू.

कायदा काय सांगतो तेही थोडक्यात लक्षात ठेवा. वेठबिगारी 1975 च्या वटहुकुमानं आणि 1976 च्या कायद्यानं बंद झाली. उचल दिली म्हणून कमी मजुरीवर राबवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, हे वेठबिगारीत बसतं. 1982 साली सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या एशियाड बांधकामाच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे. सक्ती म्हणजे फक्त काठी नव्हे, उपासमारीमुळे करावं लागतं तेही सक्तीनंच केलेलं काम. कोर्टाला हे 1982 ला समजलं, आपल्या आजोबांना आधीच माहीत होतं. तरी कागदावर आलं हे चांगलं झालं. आता तोच कागद दाखवायचा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेली जमीन परत मिळण्याचा 1974 चा कायदा आहे. जंगलजमिनीच्या अतिक्रमणाबद्दल 27 डिसेंबर 1978 ला सरकारी ठराव निघाला होता. 31 मार्च 1978 पर्यंत जे कसत होते त्यांचा त्यात विचार होता. 1980 चा वनकायदा दाखवून फॉरेस्टवाले हा ठराव बाजूला सारत. दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवा. फॉरेस्टवाल्यानं ज्या पावतीनं तुम्हाला गुन्हेगार ठरवलं तीच पावती तुम्ही तेव्हा कसत होता याचा पुरावा आहे.

साथींनो, आता समोरची गोष्ट. मुकादम येईल, नोटा हातात ठेवेल. घरात दाणे नाहीत, पोराला ताप आहे, अशा वेळी घेऊ नका म्हणणं सोपं आणि न घेणं अवघड, हे आम्हाला कळतं. म्हणून कोणाला एकट्याला सोडायचं नाही. शिबिरात चर्चा होऊन पुढील गोष्टी ठरल्या:

1. उचल एकट्यानं घ्यायची नाही. पाड्याची बैठक घेऊन, दर, गाडीभाडं, परतीची तारीख आणि हिशेबाची वही आधी ठरवून मगच कोणी जायचं. घेतलेले पैसे बैठकीत जाहीर सांगायचे.

2. प्रत्येक गावानं धान्यकोठी सुरू करायची. खळ्यावर प्रत्येक घरानं जमेल तेवढी ज्वारी-मका टाकायची आणि आषाढात गरजवंताला बिनदिढीची द्यायची. आषाढ निघाला तर दिवाळीनंतरचे दिवस आपले राहतात.

3. येत्या आखाजीला कोणत्याही सालदारानं तास आणि आठवड्याची सुट्टी ठरवल्याशिवाय साल धरायचं नाही. खाडा कापायचा तर रोजच्या मजुरीपेक्षा एक पैसाही जास्त कापू द्यायचा नाही.

4. रोजगार हमीसाठी दिवाळीच्या आत प्रत्येक गावातून लेखी मागणी. अर्जावर बायांची नावं वेगळी घालायची, नवऱ्याच्या नावाखाली नाही.

5. जमिनीच्या अर्जांचं काम थांबवायचं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कागद गावातल्या कार्यकर्त्याकडे ठेवून जायचं, म्हणजे तारीख लागली तर चुकणार नाही.

उद्या कोणी तोंडावर म्हणालं की आदिवासी आळशी आहे, तर रागावून उठून जाऊ नका. त्याला शांतपणे विचारा, तुझ्या शेतात गेल्या वर्षी किती दिवस नांगर धरलास? आणि तुझं पोट कोणाच्या रात्रींवर भरतं? उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या. आपण तोवर अर्ज लिहायला घेऊ.

जमीन आमच्या हक्काची! वेळ आमच्या मालकीचा!
संघटना जिंदाबाद!